चोवीस कॅरेटचा नाताळ

ऑगस्टची दुपार. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या एका टुमदार गावात ऊन मी म्हणतंय, आणि तिथल्या मुख्य रस्त्यावर एक तरुणी जाड लोकरी कोट, गळ्याला मफलर, हातात मोजे अशा थाटात उभी आहे. पायाखाली पांढऱ्या चादरी अंथरल्या आहेत, खिडक्यांच्या कडांवर फेस फवारला आहे, दुकानांच्या पायऱ्यांवर कागदाचा कीस भुरभुरला आहे. कॅमेरा अगदी जवळून बघणार तेवढ्याच जागी खऱ्या बर्फाचा चुरा टाकलेला, आणि तो वितळायच्या आत दृश्य उरकायची सगळ्यांची धांदल. मधूनच कोणीतरी धावत येऊन तरुणीच्या कपाळावरचा घाम टिपून जातं. तिच्या हातात हॉट चॉकलेटचा कप आहे. तो ती ज्या सहजतेनं हलवते त्यावरून तो रिकामा आहे, हे शेंबड्या पोरालाही कळावं. तरी ती त्यावर फुंकर घालते, खांदे आक्रसते आणि समोरच्या चौकड्यांच्या शर्टातल्या पुरुषाला सांगते, की असली थंडी शहरात नाही हो मिळत. असा सिनेमा दोन-तीन आठवड्यांत चित्रित होतो आणि आपल्याकडे दिवाळीचा फराळ चालू असतो त्या सुमाराला अमेरिकेतल्या घराघरांत दिसू लागतो. २५ डिसेंबर तेव्हा दोन महिने लांब असतो. पण हौसेला मोल नसतं तसा मुहूर्तही नसतो.

या उद्योगातलं सगळ्यात मोठं नाव हॉलमार्क. आपल्याकडे हॉलमार्क म्हटलं की सराफाचं दुकान आणि बांगडीच्या आतल्या बाजूचा ९१६ चा बारीक शिक्का आठवतो. तिकडचं हॉलमार्क म्हणजे शुभेच्छापत्रांची कंपनी. १९१० साली जॉइस हॉल नावाचा अठरा वर्षांचा मुलगा बुटांच्या दोन खोक्यांत पोस्टकार्डं भरून कॅन्सस सिटीला आला आणि त्यातून हा संसार उभा राहिला. १९५१ च्या नाताळच्या आदल्या रात्री याच कंपनीनं मेनोत्ती या संगीतकाराचा खास टीव्हीसाठी रचलेला ऑपेरा प्रायोजित केला होता, म्हणजे सुरुवात भलत्याच उंच सुरात झाली होती. पुढे २००१ मध्ये हॉलमार्क नावाची वाहिनी आली, २००९ पासून ती नाताळची उलटगणती करू लागली, आणि २०१९ साली तर आपल्या दोन वाहिन्यांवर मिळून कंपनीनं एका हंगामात चाळीस नवे नाताळपट आणले. चाळीस! एवढ्या वेगानं मराठीत फक्त दिवाळी अंकांतल्या कविता तयार होतात. लाइफटाइम ही दुसऱ्या कंपनीची वाहिनी आणि मागाहून नेटफ्लिक्सही या जत्रेत पाल ठोकून बसले. चित्रीकरण बहुधा कॅनडात, कारण तिथे करसवलत मिळते आणि अमेरिकी डॉलरला तिथे अंमळ जास्त बाळसं येतं. अमेरिकन माणसाला ज्या अस्सल अमेरिकन गावाची हुरहुर लागते, ते गाव त्यामुळे बरेचदा परदेशात असतं.

गोष्ट सांगायची तर एकच सांगितली तरी चाळीसांची सांगून होते. नायिका मोठ्या शहरात जाहिरात किंवा मार्केटिंग असल्या कशात तरी वरच्या हुद्द्यावर. तिचा होणारा नवरा सतत फोनवर. त्याचा एवढाच गुन्हा, पण या पंथात तो अक्षम्य. काही निमित्तानं ती लहान गावात येते. ते तिचं माहेर तरी असतं, नाहीतर तिच्या कंपनीला तिथलं काहीतरी विकत घेऊन पाडायचं असतं. गावात एक पुरुष सुतारकाम करत असतो. तो विधुर असतो, त्याला आठेक वर्षांची मुलगी असते आणि त्या मुलीची समज गावाच्या पंचांपेक्षा जास्त असते. गावातली बेकरी, खानावळ किंवा नाताळच्या झाडांची बाग कर्जात बुडालेली असते. मग एक उत्सव, एक बिस्किटं भाजण्याची स्पर्धा, झाड सजवताना एकमेकांना लागलेले हात, आणि ऐन चुंबनाच्या क्षणी दार उघडून आत येणारी आजी. दोन तासांच्या वेळात जाहिराती वजा जाता दीड तासाहून कमी सिनेमा उरतो, आणि त्याचे नऊ अंक पाडलेले असतात. शेवटच्या दोन अंकांच्या अलीकडे नायिका नायकाचं अर्धंच बोलणं ऐकते, गैरसमज करून घेते आणि बॅग भरते. एक पूर्ण वाक्य ऐकायचं तिनं ठरवलं असतं तर कंपनीच्या निम्म्या जाहिराती वाया गेल्या असत्या. खरं चुंबन शेवटच्या दोन मिनिटांत, आणि त्याच क्षणी आकाशातून बर्फ. राजेशाही पोटजातीत सुताराऐवजी राजपुत्र असतो आणि गावाऐवजी कॉर्डिनिया, अल्डोव्हिया, बेल्ग्रेव्हिया अशी राज्यं. शाळेच्या नकाशात ती सापडत नाहीत; त्यांतल्या एकाचा राजवाडा मात्र रुमानियात सापडतो, त्याचं नाव पेलेश.

समीक्षक मंडळींचा या सिनेमांवरचा आवडता आरोप असा, की पुढे काय होणार ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं. आरोप खरा आहे आणि निरुपयोगी आहे. सत्यनारायणाच्या पूजेला बसलेल्या माणसाला साधुवाण्याच्या नौकेचं पुढे काय होणार याची उत्कंठा नसते. तो प्रसाद घ्यायला आणि चार माणसांत बसायला आलेला असतो. २०१७ च्या डिसेंबरात नेटफ्लिक्सनं जाहीरपणे एक चिमटा काढला होता, की आमचा 'अ ख्रिसमस प्रिन्स' त्रेपन्न जणांनी सलग अठरा दिवस रोज पाहिला आहे, बाबांनो तुम्हाला कुणी एवढं दुखावलं? कंपनीला ही गंमत वाटली, आणि प्रेक्षकांवर अशी नजर ठेवल्याबद्दल तिला बोलणीही खावी लागली. पण अठरा दिवस रोज एकच गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत बघण्याला मराठीत शब्द आहे आणि त्यात दुखापतीचा काही संबंध नाही. त्याला पारायण म्हणतात. पारायण करणाऱ्याला शेवट ठाऊक असतो. किंबहुना ठाऊक असतो म्हणूनच तो बसतो. हॉलमार्कची उलटगणती चालू असते त्याच दिवसांत आपल्याकडे मार्गशीर्षातले गुरुवार येतात. पाटावर कलश मांडला जातो आणि महालक्ष्मीच्या कहाणीची तीच पातळ पुस्तिका दर आठवड्याला वाचली जाते. ऐकणाऱ्या बायकांपैकी एकीनंही आजवर तक्रार केलेली नाही, की गेल्या गुरुवारीही राणीचं असंच झालं होतं. नाताळपट ही याच कुळातली वस्तू आहे. तिला सिनेमाच्या तराजूत घालणं म्हणजे आरतीत यमकं सैल आहेत म्हणून आरती बंद पाडणं.

यावर एक नाकं मुरडणारा आक्षेप येतो, की हे रिकामटेकड्या बायकांचं मनोरंजन आहे. जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी १९८४ साली प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांवर एक पुस्तक लिहिलं. त्यांनी कथानकांइतकंच वाचण्याच्या कृतीकडे लक्ष दिलं, आणि त्यांना आढळलं की दिवसभर इतरांची उस्तवार करणाऱ्या बाईसाठी हातातलं पुस्तक म्हणजे दाराला लावलेली कडी असते. तेवढा वेळ ती कुणाची आई नसते, कुणाची बायको नसते. शेवट गोड आहे ना, याची खात्री करून घ्यायला आधी शेवटची पानं चाळणाऱ्याही त्यांत होत्या. म्हणजे रिकामपण सोडाच, या करमणुकीचा पाया सबंध दिवसाच्या कामावर उभा आहे. सिनेमांची रचनाही त्या कामाला धरूनच असते. डिसेंबरात अमेरिकन घरातली बाई भेटवस्तूंना कागद लावत असते, ओव्हनकडे धावत असते, फोनवर नणंदेशी गोड बोलत असते, आणि या सगळ्यात एक डोळा टीव्हीवर. म्हणून प्रत्येक अंकाच्या आरंभी कुणीतरी गोष्ट पुन्हा सांगतं: "म्हणजे बेकरी वाचवायला आपल्याकडे फक्त तीन दिवस आहेत तर!" उशिरा येऊन मागे टेकलेल्या श्रोत्यासाठी कीर्तनकारही आख्यान असंच मागून उचलतो. वीस मिनिटं चुकली तरी काही बिघडत नाही असा सिनेमा लिहिणं सोपं वाटत असेल त्यानं एकदा लिहून बघावा. आणि या कामात खरी अभिनयकलाही मुरते, नाही असं नाही. २००६ च्या 'द ख्रिसमस कार्ड'मधल्या म्हाताऱ्या बापासाठी एड ॲसनर यांना एमीचं नामांकन मिळालं होतं.

इतकी बाजू घेतल्यावर आता खरी तक्रार. ती ठरावीकपणाची नाही. कहाणीही ठरावीक असते, पण तिच्यात घाबरायला होतं. सुरतचंद्रिका राणी ऐश्वर्यानं मातते, म्हातारीच्या रूपात दारी आलेल्या देवीला हाकलून देते, आणि मग राज्य जातं, अन्नान्न दशा होते. मदत म्हणून दिलेल्या हंडाभर मोहरा घरी येऊन बघतात तर कोळसे झालेल्या. (वात्रट मुलांच्या मोज्यात सांताक्लॉज कोळसा टाकतो म्हणे, आपल्याकडे सबंध हंडा.) शेवटी सगळं परत मिळणार हे शेजारची नात जाणते, तरी त्या कोळशांपाशी वाचणारीचा आवाज जरा खाली येतो. खुद्द नाताळच्या परंपरेतही हेच आहे. डिकन्सनं १८४३ मध्ये 'अ ख्रिसमस कॅरल' लिहिली ती काही नुसत्या तत्त्वचिंतनासाठी नाही. त्याला पैसे हवे होते आणि पुस्तक ऐन नाताळच्या बाजारात उतरवायचं होतं. म्हणजे तोही हंगामी मालच. पण त्यात लंगड्या टिमची रिकामी खुर्ची आहे, भुताच्या झग्याखालून बाहेर येणारी दोन उपाशी पोरं आहेत, स्वतःच्या थडग्यावरचं नाव वाचणारा म्हातारा आहे. १९४६ च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'चा शेवट एवढा गोड, की मधुमेह्यानं जपून बघावा. पण त्याआधी नाताळच्या आदल्या रात्री एक कर्जबाजारी माणूस जीव द्यायला पुलावर उभा असतो. या दोन्ही गोष्टींचा शेवट पहिल्या पाच मिनिटांत कळण्यासारखा आहे. तिथवर जाणारी वाट मात्र अंधारातून जाते. नाताळपटानं शेवट ठेवला आणि वाट गाळली. व्रत मोडलंच नाही, देवी कोपलीच नाही, तरी उद्यापनाला सगळे जेवायला हजर.

कुणी म्हणेल, मरण आहे की या सिनेमांत! प्रत्येक दुसरा नायक विधुर, प्रत्येक तिसऱ्या नायिकेची आई गेलेली. आहे खरं, पण ते पडदा उघडण्याच्या तीन-चार वर्षं आधी उरकलेलं असतं. आजारपण नाही, दवाखान्याचं बिल नाही, रात्रीच्या जागरणांचा शीण नाही. मागे राहतो तो झाडाला टांगायचा एक काचेचा गोळा आणि आईच्या हातची बिस्किटांची कृती. गेलेल्या बाईची आठवण नायक एकाच दृश्यात काढतो, शेकोटीपाशी, आणि सांगून झालं की त्याचा चेहरा असा मोकळा होतो जणू बँकेचा शेवटचा हप्ता फिटला. बँकेवरून आठवलं, बेकरीचं अर्थशास्त्र तर अजबच आहे. वर्षानुवर्षं तोट्यात चाललेलं दुकान एका संध्याकाळच्या जिंजरब्रेड स्पर्धेत सावरतं. कर्ज किती, व्याज किती, बिस्किट कितीला, हे त्रैराशिक मांडायला गेलं तर गावातल्या प्रत्येक माणसानं हंगामभर माणशी पोतंभर बिस्किटं खाल्ली पाहिजेत. अमेरिकेतल्या लहान गावांची दुकानं खरोखर बंद पडली, कारखाने गेले, हमरस्त्यालगत मोठी दुकानं आली. हे सगळं या गोष्टींच्या उंबऱ्यापर्यंत येतं, म्हणूनच तर बेकरी संकटात असते. पण उंबरा ओलांडून ते आत येत नाही. नायिकेनं शहरातली नोकरी सोडली की गाव वाचलं. ती नोकरी सोडल्यावर तिचा आरोग्यविमा कोण भरणार, हा प्रश्न अमेरिकेत फार मोठा, पण त्यावर बिस्किट भाजता येत नाही. २०१७ च्या 'ख्रिसमस इन एव्हरग्रीन'मधलं व्हर्माँटचं एव्हरग्रीन हे गाव प्रेक्षकांना इतकं आवडलं, की त्याचे पुढचे भाग निघाले. ते चित्रित झालं कॅनडात बर्नाबी इथल्या खुल्या संग्रहालयात, जिथे १९२० च्या सुमाराचं खेडं उभं करून ठेवलं आहे. ज्या गावी परत जायला प्रेक्षक आसुसतो ते संध्याकाळी कुलूप लावून बंद होतं.

मग दुसरा आक्षेप, आणि हा जरा वजनाचा आहे. आयुष्यात दुःख थोडं आहे का, की सणासुदीला टीव्हीवरही तेच बघावं? दमून बसलेल्या माणसाला दोन तास निवांतपणा मिळू दे की. या माणसाशी भांडायचं जिवावर येतं, कारण तो बरोबर मागतोय. पण त्याला मिळतंय ते भलतंच. निवांतपणा कशापासून तरी मिळवायचा असतो. आधी काळजाचा ठोका चुकला नसेल तर सुटकेचा श्वास येणार कुठून? सराफाला विचारा, चोवीस कॅरेटचं सोनं इतकं मऊ की त्याचा रोजच्या वापराचा दागिना टिकत नाही. थोडं तांबं, थोडी चांदी मिसळावी लागते, तेव्हा बावीस कॅरेटवर बांगडी हातात तग धरते. ९१६ चा शिक्का शुद्धतेचा म्हणून मिरवतो खरा, पण हजारात चौऱ्याऐंशी भाग मिसळ आहे, हेही तोच कबूल करतो. तिकडच्या हॉलमार्कनं तांबं पार काढून टाकलं. का, ते त्या कंपनीच्या जन्मातच आहे. शुभेच्छापत्र असं लिहावं लागतं की ते मावशीलाही चालेल, साहेबांनाही चालेल आणि गेल्या वर्षी जिच्याशी भांडण झालं त्या वहिनींनाही. कुणालाही चालणारा मजकूर म्हणजे कुणाचाच नसलेला मजकूर, आणि कार्डावर त्यानं काही बिघडत नाही, कारण खाली आपण सही करतो, एखादी ओळ खरडतो, ते कार्ड आपलं होतं. नऊ अंकांच्या हलत्या शुभेच्छापत्रावर सही करायला जागाच नाही. शिवाय अंकांच्या मधे जाहिराती आहेत. कोळसे झालेला हंडा दाखवून झाल्यावर लगेच दागिन्यांची जाहिरात कोण देईल?

याच शुद्धतेच्या सोवळ्यानं बराच काळ बाकीही पुष्कळ काही बाहेर ठेवलं होतं. वर्षानुवर्षं नायक-नायिका गोरेच. २०१९ च्या डिसेंबरात दोन वधूंचं चुंबन असलेली एका लग्नसेवेची जाहिरात हॉलमार्कनं आधी काढून टाकली, गदारोळ झाल्यावर परत लावायचं कबूल केलं, आणि महिन्या-दीड महिन्यात वाहिनीचे प्रमुख पायउतार झाले. २०२२ मध्ये समलिंगी जोडप्याच्या प्रेमाभोवतीच रचलेला 'द हॉलिडे सिटर' आला. त्याच वर्षी नाताळपटांची राणी म्हणवली जाणारी कँडेस कॅमेरॉन ब्यूर अधिक पारंपरिक म्हणवणाऱ्या दुसऱ्या वाहिनीवर गेली. दोन्हीकडच्यांना वाटलं आता काहीतरी मोठं घडतंय. घडलं ते एवढंच, की साच्यानं सगळं पोटात घेतलं आणि ढेकरसुद्धा दिला नाही. जोडपं कोणतंही असो, बिस्किटं तीच. धर्माचंही तसंच. मराठीतला नाताळ हा शब्द पोर्तुगिजांकडून आला आणि त्याचं मूळ जन्म या अर्थात आहे. वसईच्या एखाद्या आजीला हे सिनेमे दाखवले तर जन्म कुणाचा झाला ते शेवटपर्यंत कुणीच का सांगत नाही, असं ती विचारील. झाड आहे, दिवे आहेत, घंटा आहेत. गोठा कोपऱ्यात दिसलाच तर सजावटीचा भाग म्हणून.

तांब्याची चाहूल मात्र मधूनच लागते, आणि तीही भलत्याच दारानं. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सनं 'हॉट फ्रॉस्टी' नावाचा नाताळपट आणला. नायिका लेसी शॅबर्ट, जिनं हॉलमार्कसाठीच तिसाहून जास्त सिनेमे केले आहेत. म्हणजे या पंथातली मानाची वारकरी. ती छोट्या गावात खाण्याचं दुकान चालवते, नवरा कर्करोगानं गेलेला, घराचं छत गळकं, आणि या खेपेला ते छत खरंच गळकं दिसतं. बर्फाच्या एका देखण्या पुतळ्याला ती मफलर गुंडाळते आणि त्याचा माणूस होतो. कथा हास्यास्पद आहे, सिनेमालाही ते ठाऊक आहे. पण बर्फाच्या नायकाबरोबर एक गोष्ट फुकट आली जी सुताराबरोबर कधी आली नव्हती: तो मरू शकतो. पोलीस त्याला पकडून कोठडीत टाकतात, तिथल्या उबेत तो खचत जातो. गावकरी त्याला उचलून बाहेर बर्फावर आणतात, तोवर त्याचं काळीज थांबतं. ती बाई दुसऱ्यांदा तेच बघत उभी असते. त्या मिनिटभरात ओव्हनकडे धावणारी प्रेक्षक जागची हलत नाही. मग अर्थातच चुंबन होतं, तो डोळे उघडतो आणि म्हणतो की थंडी वाजतेय. शेकडो लोकरी कोटांच्या त्या राशीत खरी थंडी वाजलेला तो पहिलाच माणूस असावा.